ओपनलर्न आणि स्वयम: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकालच सांगते. कॉलेज सुटून बरीच वर्षं झाली असतील, विज्ञान किंवा समाजशास्त्र निव्वळ कुतूहलापोटी वाचायचं असेल, तर सुरुवात ओपनलर्न या मोफत कोर्सच्या संकेतस्थळापासून करा. आपल्या सरकारचं स्वयम दुसऱ्या फेरीत. बाकी मोठ्या नावांच्या संकेतस्थळांवर 'फ्री' हा शब्द फार सैल वापरतात. व्हिडिओ दाखवतात, पण गुणांची चाचणी आली की पुष्कळदा पैसे मागतात.

मी गोव्यात, फोंड्यात औषधांच्या दुकानात हिशेब बघते, त्यामुळे अभ्यासाची वेळ म्हणजे रात्री जेवणं आटोपल्यावर. ओपनलर्न मला मानवलं याचं मुख्य कारण हेच. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं हे मोफत दालन २००६ पासून सुरू आहे. हे विद्यापीठच मुळात नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी निघालेलं, आणि ते मजकुरात जाणवतं. प्रत्येक कोर्सवर किती तास लागतील आणि पातळी कोणती, हे आधीच लिहिलेलं असतं. नावनोंदणीची मुदत नाही, शेवटची तारीख नाही. व्हिडिओपेक्षा वाचायचा मजकूर जास्त, आणि बहुतेक कोर्स पीडीएफ करून उतरवून घेता येतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की वायफायही जातं, तेव्हा मोबाईलमधली पीडीएफ कामाला आली. चवथीच्या धामधुमीत सगळं बाजूला पडलं आणि नंतर त्याच पानावरून पुढे सुरू केलं, कुणी हटकलं नाही.

गणिताची धास्ती असेल तर 'सक्सीड विथ मॅथ्स'चा पहिला भाग घ्या. बॅजवाला कोर्स आहे (पुरा केला की डिजिटल बॅज मिळतो), आठ आठवड्यांचा. घाई करू नका.

विज्ञानाचे कोर्स कुठेही बसून शिका, फरक पडत नाही. खडकांची झीज कशी होते हे वाचताना उदाहरणं तिकडची असली तरी रसायन तेच. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात पाणी खडकातली सिलिका हळूहळू धुऊन नेतं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. म्हणजे आपला चिरा, जांभा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, हे इथल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने मलबारात हेच बघून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात. घराच्या कुंपणाकडे बघून एक अख्खा धडा पाठ होतो.

समाजशास्त्राचं तसं नाही. तिथे गाव बदललं की धडाच बदलतो. कार्डिफ शहरातल्या सिटी रोड या एकाच रस्त्यावरून समाज कसा वाचायचा हे ओपन युनिव्हर्सिटीने शिकवलंय. कल्पना झकास आहे. पण तिथली दुकानं, तिथले स्थलांतरित, तिथली नगरपालिका हे सगळं परकं. मी तेच प्रश्न घेऊन फोंड्याच्या वरच्या बाजारातून फिरले: गाळा कुणाचा, धंदा कुणाचा, पदपथावर कोण बसतं, कोणाला उठवतात. ही जोड आपणच द्यावी लागते. दिली नाही, तर कोर्स परदेशच्या बातम्यांसारखा डोळ्यांवरून निघून जातो.

सर्वांत जास्त हाती लागलं ते सामायिक मालमत्तेच्या प्रकरणातून. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा १९६८ चा लेख म्हणतो की कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येकजण आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. एलिनोर ऑस्ट्रॉमने उलट बाजूची गावं शोधली: स्वित्झर्लंडमधली कुरणं, स्पेनमधले पाट, जिथे लोकांनी आपणच नियम करून ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री, २००९ मध्ये. वाचताना सारखं वाटत होतं, हिला आमच्या शिरोड्याला आणायला हवं होतं.

आमचं घर शिरोड्याचं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा बांध, त्यातली मानस (पाणी आत-बाहेर करणारी दारं), सगळं सासऱ्यांच्या पाहण्यातलं. भरती चढली की बाहेरचं पाणी मानशीची दारं दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. आत कोरगुट, खारं पाणी सोसणारं भात. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) व्हायची आणि सामायिक व्यवस्थेत पैसा यायचा. हद्द ठरलेली, नियम गावाचे, देखरेख गावाची: अशा व्यवस्था कशाने टिकतात याची ऑस्ट्रॉमची यादी समोर ठेवून टिक करत जावं इतकं जुळतं. मी हे उत्साहाने सांगितल्यावर सासरे म्हणाले, "गांवकारीत बसायला मान कोणाला होता, तेही लिही तुझ्या वहीत." खरंच आहे. गांवकारी म्हणजे गावच्या सामायिक जमिनीचा कारभार बघणारी सभा; गांवकार ठराविक घराण्यांचेच, चिखलात राबणारे बहुतेक वेगळे. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातली १९७६ ची दुरुस्ती यांनी जमीन कुळांकडे आली, पण बांध कोण दुरुस्त करणार हा वाद उरला. इतकी गुंतागुंत कुठलाही परदेशी कोर्स आयती देणार नाही. प्रश्न विचारायची पद्धत मात्र देतो, आणि फुकटात देतो.

स्वयम २०१७ पासूनचं, आपल्या सरकारचं. शिक्षक विद्वान, पण बऱ्याच व्हिडिओंत एकसुरी व्याख्यान. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं, दर आठवड्याला असाइनमेंट. शिस्त लागणाऱ्यांना हे बरं. एनपीटेलच्या (स्वयमवरचा आयआयटींचा उपक्रम) कोर्सना असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. शिकणं मोफत, परीक्षेचं शुल्क वेगळं. बऱ्याच कोर्सचा मजकूर मराठीतही मिळतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. भाषांतर मात्र ठिकठिकाणी इतकं जड की मी मूळ इंग्रजी शेजारी उघडून ठेवते.

प्रमाणपत्राविषयी: ओपनलर्न कोर्स पुरा केल्याचा कागद देतं, त्याला पदवीचे क्रेडिट नाहीत. बढतीसाठी काही दाखवायचं असेल तर स्वयमची परीक्षाच द्या.

जानेवारीच्या सत्रात भूगर्भशास्त्राचा कोर्स घेतेय. परीक्षेचे पैसे भरायचे की नाही, ते सुरुवातीच्या असाइनमेंट किती झेपतात त्यावर ठरवेन.