मुठीत धरायचे जाडे खडू : घ्या, पण पिवळ्याची आशा ठेवू नका

मुलगा दीड वर्षाचा झालाय आणि हातात येईल ते फरशीवर घासत सुटतो म्हणून हे भोवऱ्याच्या आकाराचे जाडे खडू घेतले. आकार एकदम मस्त, रंग उमटण्यात मात्र घोळ आहे.

या वयात पोरं खडू चिमटीत धरतच नाहीत, सरळ मुठीत आवळतात आणि हात हलतो तो पार खांद्यापासून, मनगट आणि बोटं नंतर कामाला लागतात. नेहमीचा बारीक खडू साधारण ८ मिमी जाडीचा, मुठीत धरून दाबला की कटकन मोडतो आणि तुकडा थेट तोंडात. ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक टेस्ट असते, ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं घेतात, वस्तू त्यात अख्खी मावली की नापास, कारण ती घशात अडकू शकते. या खडूचं बूड पट्टीने मोजलं, ४ सेंमीच्या वर भरलं, आणि आपटून आपटून अजून एकही फुटला नाहीये, सो या बाबतीत फुल मार्क.

आता घोळ. लाल, निळा, काळा नुसता टेकवला तरी रेघ येते, पिवळा आणि नारिंगी मात्र मी जोर लावला तरी फिक्के. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, पण या वयात सगळं त्यातच आहे. १९६८ साली गिब्सन आणि योनास या मानसशास्त्राच्या संशोधकांनी लहान मुलांना एक रेघ उमटवणारं आणि एक न उमटवणारं साधन देऊन बघितलं, तर काही उमटत नाही म्हटल्यावर त्यांचं गिरगटणं पार कमी झालं. म्हणजे मजा नुसती हात हलवण्यात नाही, आपण हलवलं आणि तिथे काहीतरी राहिलं यात आहे. आमच्याकडे डिट्टो, पिवळा दोनदा फिरवतो, कागद बघतो, खडू उलटा करून त्याचं बूड बघतो आणि देतो भिरकावून. काळा दिला की कागद संपला तरी थांबत नाही. (कागद मोठा घ्या आणि चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला चिकटवा, नाहीतर हाताबरोबर कागदही फिरतो.)

वॉशेबल म्हणतात ते फरशीपुरतं खरं, ओल्या फडक्याने जातं. भिंतीवर पुसट डाग राहतोच.

आणि डब्यावरचं चित्र बदला राव! वय १+ लिहिलंय आणि चित्रात घर, सूर्य, फुलं. ते बघून घरातले सगळे "घर काढ, घर काढ" करत त्याच्या मागे लागतात. अहो, दीड वर्षाला इकडून तिकडे रेघा मारल्या जातात, दोनच्या आसपास गोल गोल भेंडोळी, नीट बंद झालेला गोल तीनच्या सुमाराला, मग तीन-चारला त्याच गोलाला डोळे येतात आणि खालून थेट पाय फुटतात, पोटबिट काही नाही. चौकोन चार-पाचला, त्रिकोण सहसा त्याच्याही नंतर, आणि घर म्हणजे चौकोनावर त्रिकोण, करा हिशोब. लहान मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या रोडा केलॉग बाईंनी तर नुसत्या गिरगोट्यांचेच २० प्रकार नोंदवलेत, त्यातलेच चार छापा की डब्यावर.

चार स्टार. गडद रंगांचाच सेट मिळत असेल तर तो बघा.