बोअर मारावी की विहिरीचं पुनर्भरण करावं?

यावलकडचा भाचा विचारत होता, "मामा, केळीला पाणी पुरत नाही. बोअर मारू, की विहिरीचं पुनर्भरण करू?" (पुनर्भरण म्हणजे पावसाचं नाल्याला आलेलं पाणी गाळून विहिरीत सोडणं.)

खर्च: बोअरला फुटामागे पैसे, वर केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून आत घालायचा पाइप), मोटार. कोरडी गेली तर सगळंच पाण्यात. पुनर्भरणाला नाल्याकाठी खड्डा, तळाशी दगड, त्यावर खडी, वर वाळू, आणि विहिरीत सोडलेला पाइप. निम्मं काम घरच्यांनीच उरकतं.

वेळ: इथे बोअर जिंकते. पुनर्भरणाला पावसाळ्याची वाट पाहावी लागते. दरवर्षी वाळूवरचा गाळही खरवडायचा. कंटाळा केला की खड्डा बुजलाच.

टिकाऊपणा: सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचे जाड थर आहेत, त्यामुळे पुनर्भरणाचं पाणी झपाट्यानं मुरतं. बोअर मात्र जमिनीत साठलेलंच उपसते, नातवंडांच्या वाट्याचंसुद्धा. (पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून शेतांना देण्याची रीत, ३०० वर्षं चालली ती पाणी वाटून घेतल्यामुळे.)

उभी बाग यंदाच वाचवायची असेल तर बोअर, तीही ६० मीटरच्या आत; त्याखाली कायदा आडवा येतो. शेत पोरांच्या नावावर करायचं असेल तर पुनर्भरण. आधीच बोअर असणाऱ्यानं तर ते करायलाच हवं. गोठ्याचं पाणी मात्र त्या खड्ड्याकडे वळू देऊ नका.