शेतमाल तारण कर्ज योजना : हळदीला आधार, बेदाण्याला तोकडी

शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद सांगलीच्या बाजारात येऊ लागते तेव्हा मार्चअखेर तोंडावर आलेली असते. सोसायटीचे पीककर्ज भरण्याची निकड आणि आवकेचा जोर एकाच वेळी येत असल्याने सौद्यात बोलला जाईल तो भाव पदरात घेणे शेतकऱ्याला भाग पडते. ही कोंडी फोडण्यासाठी राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत तारण कर्ज योजना राबवते. जिल्ह्यातील एका बाजार समितीत आम्ही यंदा हळद तारण ठेवली, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

हळदीच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. गोदामभाडे पडत नाही आणि व्यापाऱ्याचा माल योजनेत घेतला जात नाही. एक लाखाच्या हळदीवर ७५ हजार उचलले, तर पूर्ण मुदतीचे व्याज साधारण २,२२० रुपये होते. म्हणजे भाव सव्वादोन टक्क्यांनी वाढला तरी व्याज निघते. वाहतूक, हमाली आणि वजनातील घट मात्र आपल्या माथी. भाव पडला तर अर्थातच थांबणे अंगाशी येते, ती हमी ही योजना देत नाही. माल साठवून भाव पाहून काढण्याची रीत सांगलीला नवी नाही. २००५ च्या महापुराने मोठी हानी होईपर्यंत हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, त्यासाठीच होती. पण ज्याला थांबणे परवडे त्याच्याच ती उपयोगाची होती, आणि थांबण्याची ऐपत लहान शेतकऱ्याला देणे हेच या योजनेचे खरे मोल आहे.

अंमलबजावणीबद्दल तितके चांगले लिहिता येत नाही. गोदामात जागा होण्याची वाट पाहावी लागली, मग नमुना, मूल्यांकन आणि कागदपत्रे यांत वेळ गेला, आणि पैसे खात्यावर आले तोवर मार्च उलटून गेला होता. दरम्यान सोसायटीचे कर्ज हातउसने घेऊन भरले. कर्मचाऱ्यांचे वागणे सौजन्याचे होते, परंतु शेतमालाच्या गोदामात हंगामाच्या ऐन भरात व्यापाऱ्यांची पोती का असावीत, या प्रश्नाला कोणाकडेच सरळ उत्तर नव्हते.

बेदाण्याच्या बाबतीत तर नियमातच खोट आहे. त्यासाठी ७५ टक्के किंवा क्विंटलला ७,५०० रुपये, यांतील कमी रक्कम मिळते. दीडशे रुपये किलोच्या बेदाण्यावर टक्केवारीने क्विंटलला ११,२५० रुपये मिळायला हवेत, तिथे मर्यादेमुळे हाती निम्मीच किंमत पडते. ही मर्यादा बाजारभावाशी जोडली जात नाही तोवर तासगाव भागातील द्राक्षबागायतदाराने शीतगृहाच्या पावतीवर बँकेचे कर्ज मिळते का ते आधी पाहावे. हळदवाल्यांनी मात्र ही योजना जरूर घ्यावी. फक्त हळद वाळायला टाकली की लगेच गोदामातील जागेची चौकशी करून ठेवावी.