‘द मॅन फ्रॉम गॉड नोज व्हेअर’: काही महिन्यांच्या मुक्कामानंतर

अमेरिकी गायक-गीतकार टॉम रसेलचा हा १९९९चा अल्बम मी पावसाळ्यापासून ऐकतोय. आता थंडी सरत आली, तेव्हा काय टिकलं आणि काय गळलं ते लिहायला हरकत नाही.

विषय रसेलच्या घरचाच. त्याचे पूर्वज नॉर्वे आणि आयर्लंडमधून अमेरिकेत गेले, त्यांच्या कहाण्या इथे त्यांच्याच तोंडून, वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात येतात. अमेरिकेच्या १८६२च्या होमस्टेड कायद्यानं वस्तीला येणाऱ्याला १६० एकर जमीन मिळायची, अट अशी की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. सिनेमात याच्यापुढे डोलणारा गहू दाखवतात. इथे मात्र दारू आहे, एकटेपणा आहे, आणि आयोवा राज्यातल्या चिकासॉ काउंटीच्या तुरुंगावर तर अख्खं गाणं आहे. शीर्षकाचं मूळही फासाच्या दोरापाशी जातं: थॉमस रसेल या आयरिश क्रांतिकारकाला १८०३मध्ये फाशी झाली, त्याच्यावरच्या जुन्या कवितेचं हे नाव.

सगळ्यात टिकलं ते अमेरिकी गायिका आयरिस डिमेंटचं ‘एकर्स ऑफ कॉर्न’. नजर जाईल तिथवर मका आणि त्यात संपत चाललेलं एका बाईचं आयुष्य. तिच्या आवाजात थोडा अनुनासिक कडकपणा आहे, रडगाणं होऊ देत नाही ती. सुरुवातीला हा आवाज कानाला टोचतो. पुढे तोच हवासा वाटतो. आयरिश गायिका डोलोरेस कीनची गाणीही तशीच मुरत जातात. लोकगायक डेव्ह व्हॅन रॉंकचा खरखरीत ‘आउटकास्ट’ मध्येच येऊन सगळ्या गौरवगाथेवर थुंकून जातो; तो नसता तर अल्बम कौटुंबिक स्मरणिका झाला असता.

वाद्यांत हार्डांगर फिडल ऐका. या नॉर्वेजियन व्हायोलिनला मुख्य तारांखाली आणखी तारा असतात, त्या आपोआप झंकारतात. सारंगीच्या तरफा ऐकलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

गळलं काय? खुद्द रसेलची काही गाणी. कोण कुठून आला, कुणाचा कोण, हे तो इतकं नीट समजावतो की दहाव्यांदा ऐकताना वंशावळ वाचल्यासारखं होतं.

आणि एक टोचणी महिन्यागणिक वाढत गेली. ही जमीन रिकामी नव्हती. पूर्व आयोवा १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून काढून घेतला गेला. अल्बममध्ये त्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. ‘सिटिंग बुल इन व्हेनिस’ आहे खरं, पण लाकोटा मूळनिवासींचा नेता सिटिंग बुल बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात होता तो १८८५च्या एका हंगामापुरता, आणि त्या खेळाबरोबर युरोपला गेलाच नाही. बफेलो बिलची मंडळी व्हेनिसला पोचली १८९०मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात सिटिंग बुलला गोळ्या घातल्या गेल्या. हे ठाऊक असलं की गाणं जास्त कडू लागतं. गीतकाराचा हेतू तोच असेल तर मुजरा.

शफलवर लावू नका. काही चाली फिरून येतात, क्रम मोडला की त्यांचा अर्थच जातो. तासाभराहून मोठा ऐवज आहे, कामं उरकताना पाठीमागे लावायचा नाही. एकच गाणं ऐकून ठरवायचं असेल तर डिमेंटचं लावा. ते नाही आवडलं तर बाकीच्याच्या नादी लागू नका.