घरपोच टॅक्रोलिमस तपासणी : आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला तीन वर्षे झाली. गेल्या वर्षी तिची दोन्ही अंडाशये काढावी लागली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, चहाचा कप हातात असताना, तिला पहिली फिट आली. तेव्हापासून आठ महिने तिच्या रक्तातील टॅक्रोलिमस या औषधाची पातळी तपासण्यासाठी आम्ही पुण्यातील एका प्रयोगशाळेची घरी येऊन रक्त नेण्याची सेवा घेत आहोत.

या तपासणीचे मोल आम्हाला मेंदूविकारतज्ज्ञांमुळे कळले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस ज्या कॅल्सिन्युरिन या विकराला (एन्झाइमला) रोखते, ते प्रतिकारपेशींप्रमाणे मेंदूतही मुबलक असते आणि चेतापेशींवरील रिसेप्टरांचे, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचे, काम सांभाळण्यात त्याचा वाटा असतो. शिवाय या औषधाने लघवीवाटे मॅग्नेशियम निघून जाते, आणि चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडाशी बुचासारखे बसणारे तेच मॅग्नेशियम कमी पडले की मेंदूची उत्तेजना वाढते. दुसरीकडे, अंडाशयांतून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून तयार होणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरला बळ देऊन ही उत्तेजना आवरत असते; अंडाशयांबरोबर त्यातलाही मोठा वाटा गेला. ताईचा तोल दोन्ही बाजूंनी ढळला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

सेवेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे रक्त न्यायला नेहमी येणाऱ्या बाई सुई टोचण्याआधी विचारतात, "काल रात्रीची गोळी किती वाजता घेतलीत?" उत्तर त्या जांभळ्या झाकणाच्या नळीवर लिहितात, कारण हे रक्त आधीच्या मात्रेनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वीच घ्यावे लागते. मॅग्नेशियमसाठी वेगळी नळी भरतात. नवे औषध सुरू झाले आहे का, हेही विचारतात; फेनिटॉइनसारख्या फिटच्या गोळीने टॅक्रोलिमसची पातळी खाली येते, म्हणूनच ताईला फिटसाठी लेव्हेटिरासिटाम हे दुसरे औषध दिले आहे. गणपतीत तर त्यांनी पपनस खाल्ले का, असेही आवर्जून विचारले, कारण त्याने पातळी वर चढते.

एकदा मात्र घोळ झाला. साडेसातची वेळ दिलेली असताना दुसराच मुलगा नऊ चाळीसला आला, तोवर वाट पाहून ताईने आठची गोळी घेतली होती, आणि त्याने काहीही न विचारता रक्त घेतले. एरवी दर मिलिलिटरला 6 ते 7 नॅनोग्रॅम येणारा टॅक्रोलिमसचा आकडा 17.2 आला. ताईने गोळीची वेळ स्वतःहून सांगितली नसती, तर त्या आकड्यावरून मात्रा कमी झाली असती आणि चांगले चाललेले मूत्रपिंड धोक्यात आले असते. तक्रारीनंतर प्रयोगशाळेने फेरतपासणी विनामूल्य केली, हे मान्य. तरीही शेवटच्या मात्रेची वेळ छापील अहवालावर अजून येत नाही, ही त्रुटी मला गंभीर वाटते. सेवा आम्ही चालू ठेवली आहे, पण आता रक्त नेणारे दारात येईपर्यंत ताई सकाळच्या गोळीचे पाकीट माझ्याकडे देऊन ठेवते.