पोई, चहा आणि ‘मिळेल’चा रकाना

कॅफेचं नाव लिहीत नाही. पुढे थोडं कडू बोलायचं आहे, मालक आमच्या शेजारणीचा भाचा आहे आणि मला त्याच जिन्यावरून रोज खाली उतरायचं असतं. पणजीकरांना आल्तिनोच्या पायथ्याचा, शिंपल्यांच्या खिडक्यांचा आणि पायरीवर कायम एक मांजर बसलेला कॅफे एवढं सांगितलं तरी पुरे.

तिथं वर्षातून दोनदा एक वेगळाच उद्योग चालतो. जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर होतात त्या संध्याकाळी आणि मार्चमध्ये निकालाच्या पहाटे हा मुलगा पडदा लावतो, खायला-प्यायला देतो आणि प्रत्येकाच्या हातात एक अंदाजपत्रक ठेवतो. शब्द त्याचाच. अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकापेक्षा हे जास्त खरं निघतं असा त्याचा दावा आहे. संध्याकाळचे १५० रुपये, पहाटेचे ५००. यंदा, म्हणजे २०२५ साली, मी दोन्हींना गेले. पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि त्यातले तीन एकट्या त्या कागदाचे.

कागद साधाच आहे. डावीकडे विभागांची नावं, पुढे दोन रकाने. एकावर ‘मिळेल’, दुसऱ्यावर ‘मिळायला हवं’. मी तीस वर्षं मराठी शिकवली आणि त्याहून जास्त वर्षं हौशी नाटकांत तोंडाला रंग लावला, पण हे दोन रकाने वेगळे असतात हे मला कुणी इतक्या स्वस्तात शिकवलं नव्हतं. आमच्याकडे नाट्यस्पर्धेच्या दिवसांत नाटक संपलं तरी माणसं घरी जात नाहीत. बाहेर उभी राहून अभिनयाचं पहिलं कुणाला यावर चहाच्या पैजा लावतात. तिथं जिचं काम आवडलं तिलाच बक्षीस मिळणार, असा सरळ हिशेब. माझी वहिनी दरवर्षी हरते आणि दरवर्षी परीक्षकांचं चुकलं म्हणते.

आपल्याकडच्या मोठ्या पुरस्कारांवर तर असा कागद काढताच येणार नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकनांची यादीच जाहीर होत नाही. एक दिवस पत्रकार परिषद होते आणि नावं कळतात. ‘धग’साठी उषा जाधव, ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, ही नावं आपल्याला आनंद झाल्यावरच कळली. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही तसंच. २०१९मध्ये इथं पणजीत ‘माई घाट’साठी उषा जाधवला आणि २०२१मध्ये ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशीला रौप्य मयूर मिळाला तेव्हा आमच्या माळ्यावरच्या घराघरांत पेढे वाटल्यासारखं वाटलं, पण आदल्या रात्री सांगा म्हटलं असतं तर कुणाला सांगता आलं असतं? चार-पाच परीक्षकांच्या मनात शिरता येत नाही. हजारो मतदार असले की थोडंफार शिरता येतं. म्हणून ऑस्कर.

जानेवारीची संध्याकाळ मला जास्त आवडली, हे आधीच सांगते. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे नामांकनं दोनदा पुढे गेली होती आणि अखेर २३ जानेवारीला आपल्या सात वाजता जाहीर झाली. टेबलं आठ, माणसं पंधरा-सोळा, कटलेट-पाव गरम. अभिनयाच्या चार विभागांत प्रत्येकी पाच नावं ओळखायची. मालकानं कागदाच्या मागे चार ओळींत मतदानाची पद्धत छापली होती. ती चुकली नव्हती पण कळतही नव्हती, तेव्हा मीच उभी राहून समजावली. शाळेची सवय.

अभिनयाची नामांकनं फक्त नटमंडळी ठरवतात, ती साधारण तेराशे. मतं पसंतीक्रमानं, आपल्या राज्यसभेसारखी. पाच जागा असल्यानं एकूण मतांचा सहावा हिस्सा आणि वर एक मत मिळालं की नाव पक्कं. म्हणजे तेराशे मतं पडली तर २१७. एवढ्या लोकांनी एखादीला जिवापाड पहिली पसंती दिली, तर बाकीच्या हजारांना ती ठाऊक नसली तरी चालतं. २०२३मध्ये अँड्रिया राइजबरोचं नाव कुणाच्या ध्यानीमनी नसताना आलं ते असंच. बड्या नटनट्यांनीच तिच्यासाठी शब्द टाकला होता. नामांकन ओळखताना ‘सगळ्यांना कोण आवडतं’ हा प्रश्नच चुकीचा. ‘कुणासाठी थोडेजण भांडतील’ हा खरा.

एवढं शहाणपण शिकवून मी माझ्या कागदावर अँजेलिना जोली आणि मरियन जीन-बाप्टिस्ट लिहिलं आणि दोघी बाहेर राहिल्या. शेजारच्या टेबलावर एक आंटी होत्या, सत्तरीपुढच्या, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांनी ब्राझीलच्या फेर्नांडा तोरेसचं नाव लिहिलं होतं. दोन्ही रकान्यांत. त्यांना तिच्या सिनेमाचं ‘आय ॲम स्टिल हिअर’ हे इंग्रजी नाव म्हणवत नव्हतं, त्या ‘आइंदा इश्तो आकी’ असंच म्हणत. फेर्नांडाची आई फेर्नांडा मोंतेनेग्रो हिला १९९९ला नामांकन होतं, तेव्हा मिळालं नाही, आता लेकीला मिळायला नको काय, असं त्यांचं गणित. नाव आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते, मुलीनं बोर्डात नंबर काढल्यावर आई बघते तसं.

आता मार्च. निकाल ३ तारखेला, सोमवारी पहाटे साडेपाचला. कार्निव्हलचे दिवस. शनिवारी किंग मोमोची मिरवणूक होऊन गेलेली, रस्त्याच्या कडेला रंगीत कागदांचा लगदा. तिकडे ब्राझीलमध्येही कार्निव्हलच, आणि तिथं लोक फेर्नांडाचे मुखवटे घालून नाचत होते. आंटींच्या नातीनं फोनवर व्हिडिओ दाखवले तेव्हा आंटी म्हणाल्या, “आमगेर मुखवटे फकत मंत्र्यांचे.”

पाचला पोचले तर दार बंद. सव्वापाचला उघडलं. पाचशे रुपये घेऊन माणसाला मांजराशेजारी पायरीवर बसवायचं नसतं, हे मालकाला मी तोंडावर सांगितलं आहे. चहा मात्र उत्तम, आलं ठेचून घातलेला, मागाल तितका. सहाच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला आणि मालक पडदा सोडून पळत बाहेर गेला. त्या पोया, पातळभाजी, एक मिरची भजी आणि एक बन असा नाश्ता. नेमकं तेव्हाच निवेदक कॉनन ओब्रायनने मोडक्या हिंदीत भारताला नमस्कार करून नाश्त्याचं काहीतरी म्हटलं आणि सगळा कॅफे हसला. पोया पंधराच आणल्या, माणसं बावीस. उरलेल्यांना साधा पाव. हे चालणार नाही.

भिंतीवर त्यानं एक तक्ता लावला होता. प्रत्येक नटापुढे मोसमात आधी मिळालेले पुरस्कार मांडलेले, मोठ्या चारांची बेरीज शेवटी. मुख्य अभिनेत्रीत डेमी मूर: गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, सॅग, एकूण ३. माइकी मॅडिसन: बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचा), एकूण १. फेर्नांडा तोरेस: ग्लोब, नाट्य विभागातला, एकूण १. तक्ता बघून बावीसपैकी सतराजणांनी ‘मिळेल’मध्ये मूर लिहिलं.

माझी मुख्य तक्रार या तक्त्याविषयी आहे. तो पुरस्कार मोजतो, मतदार मोजत नाही. गोल्डन ग्लोब पत्रकार देतात, क्रिटिक्स चॉइस समीक्षक देतात. ऑस्करला यांतल्या कुणाचं मत नाही. सॅग म्हणजे नटांची संघटना, मतदार लाखाच्या वर. ऑस्करच्या अंतिम फेरीत अकादमीचे सगळे विभाग मत देतात, दहा हजारांच्या आसपास माणसं, त्यांतली पुष्कळ आता अमेरिकेबाहेरची. बाफ्टाच्या मतदारांशी त्यांचं गोत्र थोडं जुळतं. शिवाय तारखा बघा. यंदा ऑस्करचं मतदान १८ फेब्रुवारीला बंद झालं. बाफ्टा १६ला, म्हणजे मतदान चालू असताना. सॅग २३ला, मतपेट्या बंद झाल्यावर. सॅगमुळे कुणाचं मत बदललं असेल हा प्रश्नच येत नाही. तो नुसता वाऱ्याचा अंदाज.

मग बाफ्टावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? २०२१ला बाफ्टा चारपैकी चार बरोबर, सॅग दोन. त्याच वर्षी सोहळ्याच्या अगदी शेवटी चॅडविक बोसमनचं नाव येणार म्हणून सगळे थांबले आणि आलं अँथनी हॉपकिन्सचं, जे हजरही नव्हते. २०२४ला बाफ्टा चार, सॅग तीन. पण २०२३ला? सॅग चारपैकी चार, बाफ्टा शून्य. एकही नाही! ज्यानं त्या वर्षी बाफ्टावर पैसे लावले त्याला पोईसुद्धा परवडली नसेल. अभिनयाच्या अंतिम फेरीत पसंतीक्रम नसतो. आपल्या पंचायतीसारखं, पाच उमेदवारांत ज्याला जास्त तो निवडून आला. पंचवीस टक्क्यांतही भागू शकतं. त्यामुळे दोघींत चुरस लागली की तिसरी कुणाची मतं खाते हेही बघावं लागतं. हे सगळं तक्त्यावर मावणार नाही, मान्य. पण निदान ‘मतदार कोण’ असा एक रकाना आणि मतदान बंद झाल्याची तारीख, एवढं तरी मावेल.

आणि आता कबुली. एवढं सगळं ठाऊक असून मीही मूरच लिहिलं. ती माझ्याहून एका वर्षानं मोठी, बासष्टची. तिच्या ‘द सबस्टन्स’ सिनेमात वय झालेल्या बाईला बाजूला सारून तरुणी तिची जागा घेते. मला ‘मिळायला हवं’मध्ये ती हवी होती आणि शाई पलीकडच्या रकान्यात उतरली. वहिनीला हसायचा माझा हक्क गेला.

सहायक अभिनेत्यानं सुरुवात झाली, किरन कल्किन, सगळ्यांचं बरोबर. सहायक अभिनेत्रीत झोई साल्दान्या, जवळपास सगळ्यांचं बरोबर. ‘एमिलिया पेरेस’ची नायिका आपल्या जुन्या ट्वीटमुळे वादात सापडली होती, तिचा फटका साल्दान्याला बसेल असं एकाला वाटलं होतं, तेवढा एक चुकला. मुख्य अभिनेत्यात गंमत. सॅग टिमथी शॅलमेला, बाकी तीन एड्रियन ब्रोडीला. शॅलमे जिंकला असता तर सर्वांत तरुण ठरला असता, आणि तो विक्रम कुणाचा? २००३ साली एकोणतिसाव्या वर्षी जिंकलेल्या ब्रोडीचाच. विक्रम वाचला, पुतळाही मिळाला. मग तो साडेपाच मिनिटांच्या वर बोलला, वाजणारं संगीत थांबवायला लावलं. माझा बन तेवढ्यात गार झाला.

त्याआधी ‘आइंदा इश्तो आकी’ला परभाषी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ब्राझीलचा पहिलाच. आंटी उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या, चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता यांचा कागद सगळ्यांना गार करणार.

नऊ वाजून गेल्यावर एमा स्टोन पाकीट घेऊन आली आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र. इंटरनेट गेलं. दाराशी बसलेल्या म्हापशाच्या मुलाचा फोन वाजला आणि तो ओरडला, “माइकी!” चार तासांची जागरणाची कमाई अशी फोनवरून हातात आली. पाचशे रुपयांत दुसरी जोडणी ठेवता येत नाही का? अर्धा तारा इथं कापला. आंटी खुर्चीला टेकल्या आणि एकच शब्द बोलल्या, “पासियेंस.” म्हणजे धीर धरायचा.

बक्षिसाची बेबिंका त्या म्हापशाच्या मुलाला गेली. अभिनयात त्याचे चारपैकी दोन, पण लघुपट, माहितीपट, ॲनिमेशन असल्या विभागांत तुक्के बसले आणि २३ ओळींना प्रत्येकी एकच गुण. एक रुपयाला एक शेंगदाणा आणि एक रुपयाला एक काजू, असा हा हिशेब. मालकाला मी म्हटलं, अभिनयाला तीन-तीन गुण ठेव. आणि ‘मिळायला हवं’ला गुण नसतात तरी ते सगळ्यांनी उठून वाचून दाखवायचं ठेव, कारण भांडण तिथंच रंगतं. तो म्हणाला, “फुडल्या वर्सा करुंया, काकी.” माझा कागद परत मागितला तर त्यानं लाल पेनानं वर १३/२३ लिहून दिला. मोजले, १४ होते. दुरुस्त करून घेतले.

पुढची नामांकनं २२ जानेवारी २०२६, गुरुवारी, आपल्या सातलाच. निकाल १६ मार्चच्या सोमवारी, पण तोवर तिकडची घड्याळं तासभर पुढे गेलेली असणार, म्हणजे इथं पहाटे साडेचार. पात्रयोजनेचा नवा विभाग धरून ओळी २४ होतील. आणि अकादमीनं नवा नियम केला आहे की ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे सिनेमे पाहिलेच पाहिजेत. त्यानं कुणाचं पारडं जड होतं ते बघायचं. जागा फोन करूनच धरा, खिडकीकडची धरू नका, डास आहेत. दार चारला उघडशील ना, असं परवा मालकाला विचारलं. तो म्हणाला पोदेर चारला येत नाही. मी म्हटलं, तू ये.