समुद्रतळाची वेचणी करणारी यंत्रे: 'पर्यावरणपूरक' दाव्याची तपासणी

कापसाची वेचणी नीट झाली नाही आणि पाला-काडी सोबत आली, की जिनवाला भाव पाडतो. समुद्रतळातल्या खाणकामाचे दुखणे हेच, फक्त तिथे पाल्याच्या जागी गाळ. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या समुद्रात चार-साडेचार किलोमीटर खोल, लोण्यासारख्या मऊ गाळावर बटाट्याएवढे काळे गोटे पडलेले आहेत. त्यांत बॅटऱ्यांना लागणारे मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. हे गोटे वेचणारी नवी यंत्रे 'पर्यावरणपूरक' आहेत असा दावा होतो, तोच इथे तपासू.

बेल्जियमच्या जीएसआर कंपनीचे पटानिया-२ हे पट्ट्यांवर चालणारे, सुमारे २५ टनांचे यंत्र आहे. पाण्याच्या झोताने ते गोटे उचलते, पण सोबत वरचा काही सेंटिमीटर गाळही ओढते, आणि तळातले बहुतेक जीव नेमके त्याच थरात राहतात. २०२१ च्या चाचणीत अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजले तेव्हा उडालेल्या गाळापैकी ९२ ते ९८ टक्के तळापासून २ मीटरच्या आतच राहिला. आकडा खरोखर चांगला आहे. पण तो एका छोट्या चाचणीचा. वर्षानुवर्षे रोज चालणाऱ्या खाणीला तो जसाच्या तसा लावू नये. त्याच मोहिमेत जहाजाला जोडणारी केबल सुटली आणि यंत्र काही दिवस तळाशीच राहिले.

ऑलसीज कंपनीच्या 'हिडन जेम' जहाजाने २०२२ मध्ये ४.३ किलोमीटरच्या पाइपातून ३,००० टनांवर गोटे वर आणले. पद्धत आपल्या बोअरच्या कॉम्प्रेसरचीच: पाइपात हवा सोडायची, बुडबुड्यांनी पाण्याचा स्तंभ हलका होतो आणि माल वर चढतो. गोटे वेगळे केल्यावर उरलेले गढूळ पाणी १,२०० मीटर खोल सोडायचे ठरले होते. प्रत्यक्षात विभाजकातून, म्हणजे गोटे आणि पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून, थोडे पाणी थेट समुद्राच्या पृष्ठभागावर सांडले. सगळ्यात कच्चा दुवा हाच. विभाजक तुंबला किंवा भरून वाहिला, तर माल लगेच थांबवता आला पाहिजे.

इम्पॉसिबल मेटल्स कंपनीचे युरेका हे यंत्र तळाला न टेकता तरंगते आणि यांत्रिक हातांनी एकेक गोटा वेचते. जीव दिसला तर तो गोटा सोडते. कल्पना तिघांत सरस. मात्र कॅमेऱ्याला दिसेल तेवढाच जीव वाचतो, आणि हाताने वेचायचा वेग खाणीच्या हिशेबात बसेल का, हे सिद्ध व्हायचे आहे.

तिन्ही यंत्रे गाळाचा प्रश्न कमी करतात, गोट्याचा नाही. स्पंज आणि प्रवाळ त्या गोट्यालाच चिकटून जगतात, आणि गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. सरकी उगवली नाही तर आपण दुबार टोबतो. इथे तशी सोय नाही. पेरूजवळ १९८९ मध्ये तळ नांगरून पाहिला होता, त्या तासांच्या खुणा २६ वर्षांनीही स्पष्ट दिसत होत्या.

म्हणून जळगाव-धुळ्यात इलेक्ट्रिक दुचाकी घेताना बॅटरीचा प्रकार विचारा. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट नसते. तेवढ्याच पल्ल्याला ती जड पडते, पण आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात जास्त सुरक्षित राहते.